गोठवलेल्या पैशाचा लिक्विडेटर: स्टॅनफोर्ड इंटरनॅशनल बँकेचं प्रकरण

क्रिकेटवेड्यांना ॲलन स्टॅनफोर्ड आठवतो तो लॉर्ड्सवर हेलिकॉप्टरने उतरून दोन कोटी डॉलरच्या नोटांची पेटी मिरवणारा टेक्ससचा धनाढ्य म्हणून. १ नोव्हेंबर २००८ ला अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरच्या त्याच्याच मैदानावर इंग्लंडचा डाव ९९ धावांत आटोपला. स्टॅनफोर्ड सुपरस्टार्सनी एकही गडी न गमावता सामना जिंकला आणि अकराच्या अकरा खेळाडूंनी प्रत्येकी दहा लाख डॉलर घरी नेले. तो पैसा कुठून येत होता, हे साडेतीन महिन्यांत जगाला कळलं.

दिवाळखोरीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचायचं ते वेगळ्या कारणासाठी. बुडालेल्या संस्थेवर लिक्विडेटर नेमला जातो, आणि तो हिशेब उघडून बघतो तर हाती लागण्याजोगी जी काही रोकड उरली आहे ती फौजदारी यंत्रणांनी आधीच गोठवलेली. एक कायदा त्याला म्हणतो, मालमत्ता ताब्यात घे आणि देणेकऱ्यांची देणी भागव. दुसरा म्हणतो, हात लावलास तर न्यायालयाचा अवमान. आपल्याकडे ईडी (सक्तवसुली संचालनालय) आणि दिवाळखोरीची प्रकरणं चालवणारं एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) यांच्यात हाच पेच वारंवार पडतो. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांनी तो जवळून पाहिला: बँकेची कर्जदार असलेल्या एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या मालमत्तेवर एकीकडे टाच, दुसरीकडे त्याच कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया. स्टॅनफोर्डच्या प्रकरणात हा पेच एकाच वेळी चार-पाच देशांत पडला. शिवाय त्यात लिक्विडेटरने काय करावं याबरोबरच काय करू नये हेही लखलखीत दिसतं.

स्टॅनफोर्डची ही बँक कागदावर अँटिग्वाची. ठेवींची प्रमाणपत्रं विकायची, बाजारापेक्षा चढा व्याजदर द्यायची. ठेवीदार शंभराहून अधिक देशांतले, त्यात टेक्सस-लुइझियानाचे निवृत्त कामगार आणि लॅटिन अमेरिकेतली मध्यमवर्गीय कुटुंबं भरपूर. बुडाली तेव्हा देणं सुमारे ७ अब्ज डॉलरचं होतं. आधीच्या ठेवीदाराचं व्याज नव्या ठेवीदाराच्या पैशातून, असा हा जुनाच प्रकार. अँटिग्वातली सव्वासहा कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतलेली जमीन ताळेबंदात ३ अब्जांच्या वर नेऊन ठेवली होती, एवढ्यावरून बाकीच्या आकड्यांची कल्पना यावी. अँटिग्वाच्या वित्तीय नियामकाचा प्रमुखच लाच खाऊन गप्प बसला होता. पुढे अमेरिकेत त्याने गुन्हा कबूल केला. स्टॅनफोर्डला जून २०१२ मध्ये ११० वर्षांची शिक्षा झाली. घोटाळ्याबद्दल इतकं पुरे.

फेब्रुवारी २००९ च्या मध्यावर अमेरिकेची भांडवल बाजार नियामक एसईसी हिने टेक्ससमधल्या डॅलसच्या न्यायालयातून स्टॅनफोर्डच्या साम्राज्यावर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयीन अधिकारी, बसवला: राल्फ जॅन्वी, तिथलेच वकील. आदेश जगभरच्या मालमत्तेला लागू. त्याच आठवड्यात अँटिग्वाच्या नियामकाने लंडनच्या व्हँटिस या फर्मचे पीटर वास्टेल आणि नायजेल हॅमिल्टन-स्मिथ यांना बँकेवर नेमलं. एप्रिलमध्ये अँटिग्वाच्या न्यायालयाने बँक गुंडाळण्याचा आदेश दिला आणि तेच दोघे लिक्विडेटर झाले. म्हणजे एका बँकेचे दोन कारभारी, आणि दोघांचंही म्हणणं एकच: ठेवीदारांसाठी पैसा मीच गोळा करणार.

पैसा होता कुठे? अमेरिकेबाहेरची मोठी रोकड इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या खात्यांत, मिळून सुमारे ३० कोटी डॉलर. सात अब्जांच्या देण्यापुढे ही रक्कम किरकोळ वाटते. पण लिक्विडेटरच्या नजरेतून बघा. जमिनी विकायला वर्षं लागतात, दावे चालवायला त्याहून जास्त, आणि वकिलांची बिलं दर महिन्याला येतात. पहिल्या दिवशी खरी किंमत असते ती रोख रकमेलाच.

आणि नेमकी तीच गोठली. ७ एप्रिल २००९ ला, म्हणजे अँटिग्वाचा आदेश निघण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, मोठ्या आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ब्रिटनच्या सीरियस फ्रॉड ऑफिसने अमेरिकी न्याय खात्याच्या विनंतीवरून लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातून तिथली खाती गोठवून घेतली. समोरच्या बाजूला न ऐकता, एकतर्फी.

इथे थोडं थांबून दोन प्रकारच्या आदेशांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण आपल्याकडेही वकील मंडळी तो अनेकदा सरमिसळ करून टाकतात. दिवाणी दाव्यात वादी प्रतिवादीची खाती गोठवून घेतो, तेव्हा त्याला त्या पैशावर कसलाही अग्रहक्क मिळत नाही. मालकी बदलत नाही, तारण निर्माण होत नाही. प्रतिवादीने पैसा पळवू नये एवढाच हेतू. त्यामुळे कंपनी दिवाळखोरीत गेली की लिक्विडेटर न्यायालयात जाऊन म्हणू शकतो की आता हा पैसा सगळ्या देणेकऱ्यांचा, एकट्या वादीसाठी तो अडवून ठेवू नका. बहुतेक वेळा न्यायालय ऐकतं. फौजदारी कायद्याखालचं गोठवणं वेगळं. तिथे समोर वादी नसतो, राज्यसंस्था असते. तिचं म्हणणं असं की हा पैसाच गुन्ह्यातून आलेला आहे आणि खटला संपल्यावर तो जप्त होणार आहे. लिक्विडेटर म्हणतो, पण हे ठेवीदारांचे पैसे आहेत. त्यावर कायद्याचं थंड उत्तर: बिनतारण ठेवीदाराचा हक्क बँकेविरुद्ध असतो, बँकेच्या अमुक खात्यातल्या अमुक रकमेवर नसतो. गुन्हेगारीत फसलेल्याच लोकांना हे ऐकवावं लागतं, यातला विरोधाभास कोणत्याही न्यायाधीशाच्या नजरेतून सुटत नाही. पण कायदा तसा आहे.

लंडनमध्ये दोन लढाया एकाच वेळी लढल्या गेल्या. पहिली, बँकेचा खरा प्रतिनिधी कोण. ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आयोगाचा नमुना कायदा २००६ मध्ये स्वीकारला आहे. परदेशी दिवाळखोरीला मान्यता द्यायची तर कंपनीचं मुख्य व्यवहारकेंद्र कुठे होतं हे बघायचं. जॅन्वींच्या बाजूचा युक्तिवाद सहज पटण्यासारखा होता: अँटिग्वा ही नुसती पाटी, सगळा कारभार टेक्ससमधून चालायचा. पण जुलै २००९ मध्ये न्या. ल्युइसन यांनी तो मान्य केला नाही. बाहेरच्या माणसाला, ठेवीदाराला, जे दिसत होतं ते महत्त्वाचं. नोंदणीकृत कार्यालय अँटिग्वात, इमारत अँटिग्वात, कर्मचारी अँटिग्वात. शिवाय जॅन्वींची नेमणूक पैशाची पळवापळव थांबवण्यासाठी होती, सर्व देणेकऱ्यांच्या वतीने चालणारी दिवाळखोरी प्रक्रिया ती नव्हतीच. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये हा निकाल कायम केला. वास्टेल आणि हॅमिल्टन-स्मिथ जिंकले.

दुसरी लढाई गोठवलेल्या खात्यांची, आणि तिथली गोष्ट जास्त बोधप्रद. लिक्विडेटरांनी दाखवून दिलं की ओल्ड बेलीत एकतर्फी अर्ज करताना न्यायाधीशांपुढे पुरं चित्र ठेवलं गेलं नव्हतं. अँटिग्वात अधिकारी नेमले गेले आहेत, याच पैशावर देणेकऱ्यांच्या वतीने त्यांचा दावा आहे, हे जितकं ठळकपणे सांगायला हवं होतं तितकं सांगितलं नव्हतं. अपील न्यायालयातले न्या. ह्यूज यांनी यावर जे लिहिलं ते आज ब्रिटनमधला प्रत्येक सरकारी वकील पाठ करतो: एकतर्फी अर्ज करणाऱ्याने बचाव पक्षाची टोपी डोक्यावर चढवावी आणि स्वतःला विचारावं, मी आरोपीच्या किंवा हितसंबंध असलेल्या त्रयस्थाच्या बाजूने उभा असतो तर न्यायाधीशांना काय सांगितलं असतं? आणि मग ते सगळं स्वतःच सांगावं.

न्यायालयाने जुना आदेश रद्द केला. आणि त्याच्या जागी लगेच नवा गोठवण्याचा आदेश घातला.

लिक्विडेटरच्या दृष्टीने हा निकाल विचित्र होता. बँकेचे खरे प्रतिनिधी तुम्हीच, हेही मान्य. समोरच्याने माहिती दडवली, हेही मान्य. पण पैसा तुम्हाला मिळणार नाही. माझ्या मते यात चुकीचं काही नव्हतं. न्यायालयाला सरकारी वकिलाला धडा शिकवायचा होता, पण त्या धड्याची किंमत म्हणून पैसा मोकळा करणं त्याला परवडणारं नव्हतं. राज्यसंस्थेच्या चुकीला दुसरी संधी मिळते. लिक्विडेटरच्या चुकीला मिळत नाही, आणि त्याचा पुरावा तोवर मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेला होता.

बँकेचं एक कार्यालय मॉन्ट्रियलला होतं. व्हँटिसच्या लोकांनी तिथल्या संगणकांवरच्या माहितीच्या प्रती काढल्या, त्या देशाबाहेर नेल्या आणि मूळ सर्व्हरवरची माहिती पुसून टाकली. कॅनडाच्या न्यायालयाची मान्यता तोवर घेतलेली नव्हती. तिथल्या नियामकांना विचारलेलं नव्हतं. हे घडल्याचं नंतर न्यायालयाला ताबडतोब सांगितलंही नव्हतं.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर माहिती नष्ट झाली नव्हती, प्रती होत्या. पण ज्या बँकेचा सगळा गुन्हा कागदपत्रांत दडलेला, तिच्या मूळ यंत्रांवरचा पुरावा पुसणं म्हणजे काय, हे ईडी किंवा आर्थिक गुन्हे शाखेच्या धाडीत एकदा तरी बसलेल्या कोणालाही समजेल. फॉरेन्सिक तपासात मूळ डिस्कची किंमत प्रतीला येत नाही. शिवाय प्रश्न विश्वासाचा. मालमत्ता गोठलेली असताना लिक्विडेटरच्या हातात खरं तर एकच गोष्ट उरते: कंपनीची वह्या-पुस्तकं आणि नोंदी. तीच सांभाळता आली नाही तर त्याच्या हाती पैसा कशाच्या भरवशावर द्यायचा?

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात येतं त्या क्वेबेकच्या न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये अँटिग्वाच्या लिक्विडेटरांना मान्यता नाकारली आणि जॅन्वींना दिली. कारण स्पष्ट लिहिलं: त्यांचं वर्तन. वरच्या न्यायालयांनी हस्तक्षेप केला नाही. लंडनमध्ये जिंकलेला मुख्य व्यवहारकेंद्राचा मुद्दा मॉन्ट्रियलमध्ये कामालाच आला नाही. आणि कॅनडातली ठिणगी अँटिग्वापर्यंत गेली. जून २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांना पदावरून दूर करण्याचा आदेश दिला, मुख्यतः याच प्रकारामुळे. त्याच सुमारास व्हँटिस ही फर्मच दिवाळखोरीत निघून प्रशासकांच्या हाती गेली. स्टॅनफोर्डच्या कामाची मोठी फी थकली होती, कारण ती ज्या पैशातून मिळायची तो गोठलेला होता.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात व्यावहारिक वाटतो, आणि चर्चेत तो सगळ्यात कमी येतो. गोठवलेल्या मालमत्तेचं काम घेणारा लिक्विडेटर स्वतःच्या खिशातून लढत असतो. जिंकला तर फी मिळण्याची शक्यता, हरला तर फर्म बुडते. अशा माणसाकडून तटस्थपणाची अपेक्षा कितपत करायची? त्याने प्रत्येक खातं लगेच मोकळं करून घेण्याचा हट्ट धरला तर तो देणेकऱ्यांसाठी की स्वतःच्या बिलासाठी, हे न्यायाधीशालाही कळत नाही. म्हणून पैसा मोकळा करा अशी मागणी करण्याआधी वेगळा अर्ज हवा: गोठवलेला पैसा तसाच राहू दे, त्यातून देखभालीचा आणि कायदेशीर खर्चाचा ठरावीक हिस्सा, न्यायालयाच्या देखरेखीखाली, हिशेब देण्याच्या अटीवर मिळू दे. २०११ मध्ये नेमलेले नवे लिक्विडेटर, ग्रँट थॉर्नटनचे मार्कस वाइड आणि ह्यू डिक्सन, यांना इंग्लंडमधल्या गोठवलेल्या रकमेतून खर्चासाठी पैसा मिळाला तो याच वाटेने.

नव्या दोघांनी सूरच बदलला. अमेरिकेत जॅन्वींशी भांडण चालू होतंच. जुलै २०१२ मध्ये डॅलसचे न्या. गॉडबी यांनी अँटिग्वाच्या प्रक्रियेला मान्यता दिली खरी, पण दुय्यम म्हणून. मुख्य केंद्र अमेरिका, असं त्यांचं मत. म्हणजे एकाच बँकेचं व्यवहारकेंद्र लंडनच्या मते अँटिग्वात आणि डॅलसच्या मते अमेरिकेत. स्वित्झर्लंडने अँटिग्वाच्या बाजूने मान्यता दिली होती, पण खाती अमेरिकेच्या विनंतीवरून गोठलेलीच. कोणाचंही एकट्याचं पान हलत नव्हतं. अखेर मार्च २०१३ मध्ये अमेरिकी न्याय खातं, एसईसी, जॅन्वी आणि लिक्विडेटर यांच्यात तडजोड झाली. कोणत्या देशातला पैसा कोण वाटणार, एकमेकांचे दावे कसे तपासायचे, माहिती कशी द्यायची, हे सगळं लिहून घेतलं. गोठवणूक उठली ती न्यायालयीन विजयाने नव्हे, करारामुळे. तोवर चार वर्षं गेली होती. जॅन्वींनी त्याच वर्षी केलेलं पहिलं वाटप डॉलरमागे एक सेंट एवढं होतं.

कर्तव्य तिथेही संपत नाही. जे गोठलेलं नाही ते शोधायचं असतं. स्टॅनफोर्डचं अँटिग्वातल्या कूलिजचं मैदान पुढे वेस्ट इंडिज क्रिकेट मंडळाने विकत घेतलं. २०१९ मध्ये अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने तिथे सराव सामनाही खेळला. त्रयस्थांवरचे दावे हा त्याहून मोठा भाग. लिक्विडेटरांनी एचएसबीसीवर दावा लावला: घोटाळ्याचा वास येत असतानाही बँकेने शेवटच्या महिन्यांत सुमारे ११.६ कोटी पौंड जुन्या ठेवीदारांना जाऊ दिले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पैसा गेला तेवढं देणंही कमी झालं, मग कंपनीचं नुकसान कुठे झालं, असं बहुमताचं म्हणणं, न्या. सेल्स यांचं मत वेगळं होतं. उलट अमेरिकेत रिसीव्हरच्या बाजूने लावलेल्या दाव्यांत २०२३ मध्ये बँकांनी दीड अब्ज डॉलरहून अधिक देऊन तडजोड केली. सगळ्या गोठवलेल्या खात्यांच्या बेरजेच्या पाचपट. चार वर्षं ज्या ३० कोटींवरून रणकंदन झालं, त्याचं प्रमाण यावरून कळतं.

आता आपल्याकडचं.

आपल्या दिवाळखोरी संहितेत कलम ३५ लिक्विडेटरला मालमत्ता ताब्यात घ्यायला सांगतं, आणि पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचं कलम ५ ईडीला तीच मालमत्ता टाचेखाली आणू देतं. रोटोमॅक कंपनीच्या प्रकरणात २०१९ मध्ये एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाने सांगून टाकलं की गुन्ह्याच्या पैशाला मोरॅटोरियमचं, म्हणजे दिवाळखोरी प्रक्रियेच्या काळात इतर कारवायांवर असलेल्या स्थगितीचं, संरक्षण नाही. दिवाळखोरीत गेलेली भूषण पॉवर ही पोलाद कंपनी ताब्यात घेण्याची मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाची योजना मंजूर झाल्यावर साधारण महिन्याभराने ईडीने ४,०२५ कोटींची मालमत्ता टाचेखाली आणली. त्यानंतर सरकारला जाग आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने कलम ३२अ आलं. जुन्या प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या माणसाकडे कंपनीची मालमत्ता गेली, तर प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या गुन्ह्यासाठी त्या मालमत्तेवर कारवाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ते वैध ठरवलं. भूषणची मालमत्ता जेएसडब्ल्यूकडे परत द्या, असं ईडीला डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं गेलं.

लिक्विडेटरसाठी मात्र वाचायचा निकाल पीएसएल लिमिटेडचा. मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप बनवणारी ही कंपनी सप्टेंबर २०२० मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. ईडीची चौकशी मागे लागली तेव्हा लिक्विडेटर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १५ डिसेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. कलम ३२अ योजनेइतकंच लिक्विडेशनमधल्या विक्रीलाही लागू. आणि संरक्षण सुरू होतं ते एनसीएलटी विक्रीची पद्धत मंजूर करते त्या क्षणापासून. लिक्विडेटरने जमा केलेल्या विक्रीच्या रकमेवरही कारवाई करण्यापासून ईडीला रोखलं गेलं. व्यवहारात याचा अर्थ असा की एनसीएलटीची मंजुरी मिळेपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. त्या काळात लिक्विडेटरने टाच असल्याचं लिलावाच्या जाहिरातीत ठळक छापायला हवं. ‘जसं आहे जिथे आहे’ या तीन-चार शब्दांच्या आड ती लपवली तर बोलीदार पुढे न्यायालयात खेचतो, आणि अनामत परत करायची वेळ येते.

महाराष्ट्रात आणखी एक वळण आहे. एमपीआयडी या ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्याच्या कायद्याखाली ठेवीदारांसाठी सक्षम प्राधिकाऱ्याने जप्त केलेली मालमत्ता. एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की अशा मालमत्तेवर तारणधारक बँकांचा अग्रहक्क चालणार नाही आणि मोरॅटोरियमही आड येणार नाही. म्हणजे ईडीविरुद्ध जे ३२अ हत्यार म्हणून चालतं, ते इथेही चालेलच अशा भ्रमात राहून चालणार नाही. कंपनीने जनतेकडून ठेवी घेतल्या असतील तर लिक्विडेटरने ताबा घेतल्याबरोबर सातबारा आणि मालमत्ता पत्रकांवर सक्षम प्राधिकाऱ्याचा बोजा आहे का हे बघावं. बँकांच्या शोध अहवालावर विसंबू नये. तो अनेकदा कर्ज देतानाचा, म्हणजे जप्तीच्या आधीचा असतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आयबीबीआय या दिवाळखोरी क्षेत्राच्या नियामक मंडळाने ईडीशी चर्चा करून परिपत्रक काढलं. टाचेखालची मालमत्ता परत मिळवण्यासाठी दिवाळखोरी व्यावसायिकांनी पीएमएलएच्या विशेष न्यायालयात अर्ज करावा, आणि सोबत ठरावीक नमुन्यात हमीपत्र द्यावं: परत मिळालेल्या मालमत्तेचा लाभ आरोपींना होऊ देणार नाही, लाभार्थी कोण हे उघड करीन, संशयास्पद व्यवहारांची माहिती देईन, तपासाला सहकार्य करीन, तिमाही अहवाल देईन. काही व्यावसायिक या हमीपत्रावर नाराज आहेत. त्यांना ते ईडीपुढे झुकल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. सर्व्हरना हात लावण्याआधी व्हँटिसने मॉन्ट्रियलच्या न्यायालयात असा एक कागद दिला असता, तर कॅनडातली मान्यता त्यांच्याकडे गेली असती की नाही सांगता येत नाही, पण निदान ती वर्तनाच्या मुद्द्यावर हातची गेली नसती. हमीपत्रात एक उणीव मात्र आहे. मालमत्ता परत मिळेपर्यंत तिची राखण, विमा, वीजबिल, सुरक्षारक्षकांचा पगार कोणी भरायचा, याबद्दल ते गप्प आहे.